शाहू छत्रपती आणि शाळेचे दार

मृगाचा पाऊस सुरू झाला की घरोघर एक जुनीच धावपळ नव्याने सुरू होते. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, तेथे आपल्या ओळखीचे कोण आहे, कोणाची चिठ्ठी नेली असता काम होईल, याची खलबते ओसरीपासून माजघरापर्यंत चालतात. वशिला हा शब्द आपण चारचौघांत मोठ्याने उच्चारीत नाही. पण तो शोधण्यात कमीपणाही मानीत नाही. ज्याला वशिला नाही त्याचे मूल कोठे जाते, हा प्रश्न त्या गडबडीत मागेच राहतो. हा प्रश्न ज्यांनी आपल्या साऱ्या कारकीर्दीत मनाशी धरला आणि राज्यकारभार हाती असल्यामुळे ज्यांना त्याचे उत्तरही द्यावे लागले, अशा एका राजाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

करवीरचे शाहू छत्रपती हे ते राजे. बडोदेकरांना ते परके नाहीत. ते येथील खानविलकर घराण्याचे जावई. पुढे १९१८ साली त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांचा विवाह सयाजीराव महाराजांच्या नातीशी झाला, तेव्हा ही सोयरीक अधिकच दृढ झाली.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या घरात झाला. मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब. आई राधाबाई मुलाच्या लहानपणीच निवर्तल्या. करवीरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ साली अहमदनगर येथे इंग्रजांच्या बंदोबस्तात वारले आणि गादीला वारस उरला नाही. तेव्हा राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहाव्या वर्षात असलेला हा मुलगा शाहू छत्रपती झाला. कवळाण्याच्या गोपाळरावांचे सयाजीराव झाले ती हकीकत येथील जुन्या मंडळींना पाठ असते; तिचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ साली लक्ष्मीबाईसाहेबांशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. उत्तम शिक्षक, उत्तम शाळा, राहण्याजेवण्याची उत्तम सोय, हे सारे त्यांना लाभले ते कोणत्या परीक्षेत पहिला नंबर आल्यामुळे नव्हे, तर एका दत्तविधानामुळे. कागलच्या आसपासच्या खेड्यांतून त्यांच्याच वयाची जी शेकडो मुले गुरांमागे हिंडत होती, त्यांचे दत्तविधान कोण करणार होते?

कारभार हाती घेतल्यावर महाराजांनी दप्तर पाहिले. संस्थानच्या साधारण कारभारातील ७१ अधिकाऱ्यांच्या जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते आणि उरलेल्या ११ जागांत बाकीच्या साऱ्या जाती. इतरांना घेऊ नये असा कोणताही लेखी नियम नव्हता. इंग्रजी शाळा होती, राजाराम कॉलेज होते, परीक्षा सर्वांना सारखीच होती. मग हे असे का व्हावे?

याचे उत्तर दप्तरात सापडण्यासारखे नव्हते. ते स्वयंपाकघरात होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांच्या घरी आठवड्यातून एखाद्या वारी कोणी गरीब विद्यार्थी जेवावयास येत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे वार लावून, नाही तर माधुकरी मागून कित्येक ब्राह्मण मुलांनी शहरात विद्या केली आणि पुढे नावलौकिक मिळविला. त्या मुलांचे कष्ट खोटे नव्हते आणि त्यांना पानावर बसविणाऱ्या गृहिणींचे पुण्यही खोटे नव्हते. पण भुदरगडच्या डोंगरातून आलेल्या कुणब्याच्या मुलाने वार लावावेत कोणाकडे? मुसलमानाच्या किंवा जैनाच्या मुलाने माधुकरीची झोळी कोणत्या दारी न्यावी? आणि महाराच्या मुलाची तर गोष्टच बोलावयास नको. शाळा सर्वांना खुली असली, तरी शाळेच्या गावात रात्रीची पथारी आणि दोन वेळची भाकरी ही काहींनाच खुली होती. निवड शाळेच्या दारात होतच नव्हती. ती त्याच्या कितीतरी अलीकडे होऊन चुकलेली असे.

हे ध्यानी आल्यावर महाराजांनी प्रथम जो उपाय केला तो कोणाही समंजस माणसाला सुचावा असाच होता. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढले. परंतु त्याची व्यवस्था ज्यांच्या हाती होती ते एकाच समाजाचे, आणि थोड्याच वर्षांत तेथे राहणारे विद्यार्थीही त्याच समाजाचे उरले. त्यात कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असेच मानावयास नको. आपल्या ओळखीच्या घरातील मुलगा आला की त्याला जागा द्यावी, परका आला की त्याच्या सोवळ्याओवळ्याची अडचण सांगावी, एवढे पुरे होते. पाटीवर सर्वांसाठी असे लिहिलेले असावे आणि आत एकाच पंक्तीची पाने मांडलेली असावीत, असा हा प्रकार. दार उघडून भागत नाही, दारावर कोण बसला आहे तेही पाहावे लागते, हा धडा महाराज या प्रयोगातून शिकले.

यानंतर त्यांनी जी वाट धरली तिच्यावर त्या काळी टीका झाली आणि आजही होते. प्रत्येक समाजाचे वसतिगृह वेगळे, त्याची व्यवस्था त्याच समाजाकडे, आणि जागा, इमारत वा देणगी यांच्या रूपाने मदत दरबारची, अशी ती योजना. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच साली जैनांचे निघाले. १९०६ साली मुसलमानांचे. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर ठरले. वार लावून जेवण्याची जी सोय एका समाजाला परंपरेने मिळाली होती, तीच इतरांना दरबारच्या खर्चाने मिळू लागली, असे याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

दरम्यान १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले होते. तेथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात त्यांचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानच्या नोकरीत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असे त्यात ठरविले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी व पारशी या पुढारलेल्या जाती वगळून बाकीचे सारे मागासलेल्या वर्गांत धरले होते. वेदोक्ताचा वाद पेटलेला असल्यामुळे हा हुकूम रागापोटी काढला, असे अनेकांना वाटले.

या हुकमाविरुद्ध जी तक्रार झाली ती सगळीच स्वार्थाची होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. माधुकरीवर वाढलेल्या, रात्र रात्र जागून परीक्षा दिलेल्या एखाद्या तरुणाला, आपली जात आता आपल्या आड येते, याचे दुःख झाले असेल तर ते खरेच होते. पूर्वीचा पक्षपात घालविण्यासाठी नवा पक्षपात का करावा, हा प्रश्न फेटाळून लावण्यासारखा नाही. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, निम्म्या जागा सर्वांना मोकळ्याच राहिल्या होत्या. आणि दुसरी, जुना पक्षपात कोठेच लिहिलेला नव्हता, म्हणून त्याच्याविरुद्ध दादही मागता येत नव्हती. नवा नियम गॅझेटात छापलेला होता. तो कोणालाही वाचता येत होता, त्याचा हिशेब मागता येत होता, त्याच्याशी भांडता येत होते. ओळखीने चालणाऱ्या व्यवहाराशी भांडावयाचे तरी कसे?

वेगळ्या वसतिगृहांत मात्र एक वैगुण्य होते आणि ते फार दिवस झाकून राहिले नाही. पुढे कर्मवीर म्हणून प्रसिद्धीस आलेले भाऊराव पाटील त्या वेळी जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर, अस्पृश्यांत जाऊन आल्याबद्दल स्नान करून शुद्ध व्हावे असा आग्रह झाला. भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. मागासलेल्यांसाठी बांधलेल्या भिंतींच्या आतही शिवाशिव तशीच नांदत होती. गावापासून तोडलेल्या मुलाला छप्पर मिळाले होते. पण शेजार मिळाला नव्हता.

हा शेजाराचा प्रश्न आपल्याही घरचा आहे. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला मान बडोद्याचा, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. १८९३ साली अमरेलीकडे प्रयोग करून १९०६ साली सयाजीराव महाराजांनी तो कायदा सर्व राज्याला लागू केला. अंत्यजांसाठी शाळा त्याच्याही पूर्वी निघाल्या. पण त्या वेगळ्या होत्या. १९१३ साली याच राज्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास परतले, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहावयास बिऱ्हाड मिळेना. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून ते अवघे अकरा दिवस राहिले. मग लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. राजाने शाळेचे दार उघडले होते. घराचे दार उघडणे आपल्या वाडवडिलांच्या हाती होते. ते त्या दिवशी कोणी उघडले नाही.

त्याच १९१७ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ साली करवीर भागातील चिखली या गावी योजनेचा आरंभ झाला. वसतिगृहे झाली तरी तेथे कोणाला घ्यावे हे चालकांच्या आणि कित्येकदा खुद्द महाराजांच्या मर्जीवर अवलंबून असे. एखादा हुशार मुलगा नजरेस पडला की त्याची सोय लावून द्यावी, हा महाराजांचा स्वभावच होता. पण राजाची मर्जी कितीही उदार असली तरी ती मर्जीच; तिच्या दृष्टीस जो पडला नाही तो राहून जातो. कायद्याने ही उणीव भरून काढली. आता मुलाला राजाच्या नजरेस पडण्याची गरज उरली नाही. शाळेनेच मुलाला शोधीत जावयाचे होते.

आणि मग १९१९ साल आले. अस्पृश्यांच्या मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा त्या वर्षीच्या दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि त्या मुलांना सर्वसाधारण शाळांतच घ्यावे, तेथे शिवाशिवीचा भेद पाळू नये, असा हुकूम महाराजांनी काढला. सरकारी शाळा, दवाखाने वगैरे ठिकाणी अस्पृश्यांना समतेने वागवावे आणि हे ज्या नोकराला पसंत नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, अशीही ताकीद त्याच वर्षी दिली गेली. १८९६ च्या प्रयोगात जी चूक राहिली होती ती येथे सुधारली होती. त्या वेळी नुसते दार उघडले होते. आता दारावर बसणाऱ्यालाही नियमाने बांधले होते. ज्या राजाने आधी प्रत्येक जातीला वेगळे छप्पर दिले, त्यानेच अखेरीस शाळेतील बाक एक केले. काहींना यात विसंगती दिसते. पण पाय मोडलेल्याला आधी काठी द्यावी आणि मग चालावयास लावावे, यात विसंगती कसली?

मार्च १९२० मध्ये माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. ज्यांना बडोद्यात जागा मिळाली नव्हती तेच डॉ. आंबेडकर त्या परिषदेचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तेथे आपण होऊन हजर राहिले. त्यानंतर महाराजांना फार आयुष्य लाभले नाही. ६ मे १९२२ रोजी मुंबई मुक्कामी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे.

स्नान करावयास नकार देणाऱ्या त्या भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास एक वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एकाच पंक्तीला जेवीत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला नाव दिले गेले ते शाहू महाराजांचेच. १८९६ साली कोल्हापुरात जे साधले नव्हते, ते राजाच्या मागे त्याच्या संस्थानाबाहेर, एका शिक्षकवृत्तीच्या माणसाने साधले.

आज राजे नाहीत, संस्थाने नाहीत. नियम मात्र पुष्कळ आहेत. तरीही पावसाळ्याच्या तोंडावर आपण चिठ्ठीसाठी कोणाचे तरी दार ठोठावतो. मुलाच्या काळजीपोटी तसे करणाऱ्या बापाला दोष देणे जड जाते. एवढेच ध्यानी धरावे, की आपल्या चिठ्ठीने जी जागा मिळते ती कोणाची तरी गेलेली असते, आणि त्या मुलाचे नावही आपल्याला ठाऊक नसते. शाहू महाराजांच्या साऱ्या खटाटोपाचे मोल त्या नाव ठाऊक नसलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले, तरच नीट कळते.