आजचे चिंतन : शिऊरच्या संत बहिणाबाई

आज बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग वाचले. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लग्न अगदी बालपणी, तेही तीस वर्षांच्या बिजवराशी. तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानलं, हे नवऱ्याला सोसलं नाही. त्याने मारहाण केली. पुढे आजारपणात तोच वरमला आणि दोघं देहूला गेली.

मला भिडते ती त्यांच्या मनाची ओढाताण. बाईला वेदांचा अधिकार नाही, संसार सुटत नाही, विठ्ठलही सुटत नाही. हे त्यांनी लपवलं नाही, अभंगांत मांडलं. ‘वज्रसूची’ मराठीत आणून खरा ब्राह्मण कोण, तेही विचारलं.

माउलींनो, आज नाम घेताना आपली ओढाताणही देवापुढे ठेवूया.