मुत्सद्दी नाना फडणीस

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी बोरघाट चढून येते आणि खंडाळा, लोणावळा ही स्थानके मागे टाकून मावळच्या मोकळ्या मुलखात शिरते. मग मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव ही स्थानके एकामागून एक येतात. आज हे सारे अंतर तासाभरात सहज कापले जाते. परंतु इ. स. १७७९ च्या जानेवारी महिन्यात याच वाटेने पुण्याकडे निघालेल्या इंग्रजांच्या एका फौजेला तळेगावच्या पुढे पाऊल टाकता आले नाही. त्या फौजेला रोखणाऱ्या सरदारांत महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके असे नामांकित वीर होते. त्यांच्या पाठीशी एक सडपातळ, शांत वृत्तीचा, लेखणी चालविणारा गृहस्थ उभा होता. त्याचे नाव बाळाजी जनार्दन भानू. सारा महाराष्ट्र त्यांना नाना फडणीस म्हणून ओळखतो.

परराष्ट्रांशी कसे वागावे, तहाची बोलणी कशी करावीत, मित्र कसे जोडावेत, हे आज विद्यापीठात शिकता येते. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन एम. ए. होता येते आणि पुढे स्पर्धा-परीक्षा देऊन देशाच्या परराष्ट्र सेवेत जाता येते. नानांच्या काळी अशी विद्यालये आपल्याकडे नव्हती. त्यांची शाळा म्हणजे पेशव्यांचे दप्तर.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. भानूंच्या घराण्याकडे पेशव्यांची फडणिशी होती. राज्याच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणे हे फडणिसाचे काम. वडील जनार्दनपंत १७५६ साली वारले आणि चौदा वर्षांच्या नानांच्या हाती ते काम आले. जमाखर्चाच्या कागदांत नुसते आकडेच असतात असे आपल्याला वाटते. परंतु कोणत्या दरबारी कोणता वकील आहे, त्याला काय धाडले, त्याच्याकडून काय आले, कोणता सरदार कर्जात बुडाला आहे, हेही तेथे दिसते. ज्याला ते कागद वाचता येतात, त्याला राज्य वाचता येते.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी नाना पानिपतावर होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारात त्यांची आई हरवली ती पुन्हा मिळाली नाही. स्वतः नाना वेष पालटून, उपाशीतापाशी, पायी चालत कसेबसे वाचले. ही हकीकत त्यांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. उत्तरेत मराठ्यांना ऐनवेळी फारसे मित्र उरले नव्हते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे त्यांनी मित्र जोडण्यासाठी जन्मभर जी धडपड केली, तिचे मूळ मला तरी पानिपतात दिसते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. नाना, सखारामबापू इत्यादी कारभाऱ्यांनी एकजूट करून त्यांना दूर सारले. हेच बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांना मरणोत्तर पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने राज्य चालवावयाचे, आणि तिकडे रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले!

इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेस तह केला. हा तह मुंबईकर इंग्रजांचा होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ इंग्रजांना तो पसंत पडला नाही. त्यांनी आपला वकील पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला पुणे दरबाराशी निराळाच तह केला. इंग्रजांच्या घरात दोन चुली आहेत, ही गोष्ट नानांनी तेव्हाच हेरली. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्यास आला. नानांनी त्याचे थाटाने स्वागत केले. फ्रेंच आपल्या मदतीला येतील एवढा भरवसा त्यांनी धरला होता की नाही, हे सांगता येत नाही; पण इंग्रजांना मात्र त्या स्वागताने झोप लागेनाशी झाली.

अखेर नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. सैनिक सुमारे चार हजार. सामान वाहणारे बैल मात्र एकोणीस हजारांवर! डिसेंबरअखेर ही फौज घाट चढून खंडाळ्यास आली. खंडाळ्यापासून तळेगाव ही दोन दिवसांची चाल. पण ती चालायला इंग्रजांना दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. समोरासमोर मोठी लढाई मराठे देईनात. ते बाजूने येत, छापा घालीत, रसद तोडीत व नाहीसे होत. वाटेवरचे धान्य व वैरण जाळून टाकलेली होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा शूर इंग्रज अधिकारी तोफेचा गोळा लागून पडला. त्याच्या धैर्यावर खूश होऊन मराठ्यांनीच त्याचे नाव इष्टूर फाकडा असे ठेवले होते. शत्रूच्या शौर्याला मान देणारी ही आठवण मावळात अजून जिवंत आहे.

९ जानेवारीस इंग्रज तळेगावी पोहोचले, तो गाव ओसाड व जळलेला. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर खुद्द पुणेही पेटवून द्यावयाचे, पण शत्रूला दाणा मिळू द्यावयाचा नाही, असा पेशव्यांच्या बाजूचा निर्धार होता. ज्यांची घरे जळत होती त्या मावळच्या रयतेला या निर्धाराची केवढी किंमत मोजावी लागली असेल, याचाही विचार आपण केला पाहिजे. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी मोठ्या तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या व माघार घेतली. पहाटेच मराठ्यांनी त्यांना गाठले आणि वडगावात कोंडले. दोनतीन दिवसांत इंग्रजांनी तहाची याचना केली. घेतलेला मुलूख परत करावा, बंगालची फौज माघारी न्यावी, रघुनाथरावांचा पक्ष सोडावा, अशा अटींवर जानेवारीच्या मध्यास वडगावचा तह झाला.

वर्गात हा भाग शिकविताना एखादा मुलगा हमखास विचारी, की एवढा विजय मिळाल्यावर युद्ध संपले कसे नाही? प्रश्न योग्य आहे. वडगावच्या कागदावर सही करणारे इंग्रज मुंबईचे होते. तो तह आम्हांला बंधनकारक नाही, असे मुंबईने व कलकत्त्यानेही ठरविले. त्या दोन चुलींचा फायदा या वेळी इंग्रजांनी घेतला. भरीला, शिंद्यांच्या ताब्यात आलेले रघुनाथराव वाटेतून निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले. हातातोंडाशी आलेला घास असा गेला.

आता नानांनी लेखणी उचलली. हिंगणे घराण्याने दिल्लीची वकिली पिढ्यान्‌पिढ्या केली होती. गोविंदराव काळे हे पुढे हैदराबादेस नावारूपाला आले. अशा वकिलांची पत्रे घेऊन जासूद व हरकारे रात्रंदिवस धावत. नानांनी १७८० साली पुणे दरबार, हैदराबादचा निजाम, नागपूरकर भोसले व म्हैसूरचा हैदर अली यांची एकजूट घडवून आणली. हैदर हा मराठ्यांचा जुना वैरी! त्याच्याशी सख्य करण्यासाठी नानांनी कृष्णेपर्यंतच्या मुलखावरील त्याचा ताबा मान्य केला. त्याच वर्षी हैदराने मद्रासेकडे मुसंडी मारून इंग्रजांच्या एका तुकडीचा धुव्वा उडविला. मात्र निजाम व भोसले यांना इंग्रजांनी गोडीगुलाबीने व पैशाने फोडले. इकडे गॉडार्ड या सेनापतीने वसई घेतली आणि १७८१ साली तो पुन्हा बोरघाटात येऊन उभा राहिला. त्यालाही एप्रिलमध्ये मोठी हानी सोसून घाट उतरावा लागला.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला. रघुनाथरावांना पेन्शन घेऊन स्वस्थ बसावे लागले. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. नानांनी या तहाला मान्यता देण्यास कित्येक महिने लावले. हैदराला सोडून एकट्याने तह करणे त्यांना रुचत नव्हते, आणि हैदराची भीती दाखवून आणखी काही पदरात पाडून घेता येईल अशीही आशा होती. ७ डिसेंबरला हैदर वारला. त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला. यानंतर वीस वर्षे मराठे व इंग्रज यांच्यात युद्ध झाले नाही.

नानांच्या स्वभावात दोष होते. ते संशयी होते आणि सत्ता दुसऱ्याच्या हाती सोपविणे त्यांना जमत नसे. घाशीराम कोतवालासारख्या जुलमी माणसावर त्यांनी फार काळ विश्वास टाकला. तरुण सवाई माधवरावांना त्यांनी इतक्या कडक देखरेखीखाली वाढविले, की राज्य चालविण्याची सवयच त्या पेशव्याला लागली नाही. १७९५ साली सवाई माधवराव वाड्याच्या गच्चीवरून पडून वारले आणि नानांचा आधारच तुटला. पुढे १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैदही केले. सुटकेनंतर ते पुन्हा कारभार पाहू लागले. पण देह थकला होता आणि मन कोणावरही विसंबत नव्हते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या काठी त्यांनी बांधलेला वाडा व घाट आजही पाहावयास मिळतो.

नानांच्या माघारी पुण्यात शिंदे व होळकर एकमेकांशी लढले. दुसरा बाजीराव पेशवा वसईस पळाला व ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह करून त्यांची फौज आपल्या राज्यात कायमची ठेवून घेतली. १३ मे १८०३ रोजी तो इंग्रजांच्या बंदोबस्तात पुण्यात परतला. चोवीस वर्षांपूर्वी ज्यांना तळेगावच्या पुढे येता आले नव्हते, तेच या वेळी पेशव्याला त्याच्या गादीवर बसवीत होते.