शंभर वर्षांच्या मुदतीची ठेव

दरसाल दहा टक्के वटाव धरला, तर शंभर वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य एक पैसाही भरत नाही. अर्थशास्त्राच्या या निष्ठुर हिशेबाने पाहिल्यास, ज्याचे फळ नातवंडांच्या नातवंडांना मिळणार अशा संशोधनावर पैसा घालणे हा शुद्ध वेडेपणा होय. परंतु एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने हा वेडेपणा केला, आणि माती, गवत व रान यांविषयीच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग त्यावर उभा आहे. त्याचे नाव जॉन बेनेट लॉज.

लॉज यांचा जन्म १८१४ साली हर्टफर्डशायरमधील रोथॅमस्टेड या वडिलोपार्जित जहागिरीत झाला. आठव्या वर्षी पितृछत्र हरपले. ईटन आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाले खरे, पण पदवी न घेताच ते परतले आणि १८३४ साली शेतीचा कारभार पाहू लागले. रसायनांचा नाद इतका की, राहत्या वाड्यातील एक उत्तम शयनगृह त्यांनी प्रयोगशाळेसाठी रिकामे करून घेतले. हाडांच्या चुऱ्यावर गंधकाम्ल ओतल्यास त्यातील स्फुरद पिकाला सहज घेता येते, हे त्यांना प्रयोगांतून दिसले. १८४२ साली त्यांनी या सुपरफॉस्फेटचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी लंडनजवळ डेटफर्ड येथे कारखाना काढला. जमीनदाराने खत विकावे, हे त्या काळच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. पण या धंद्याने त्यांना अमाप पैसा दिला.

त्याच १८४३ साली त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञास नोकरीस ठेवले. ही जोडी लॉज यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे टिकली. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरण्यात आला. एका पट्ट्याला शेणखत, काहींना निरनिराळी रासायनिक खते आणि एकाला काहीच नाही. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांचे मत असे की, पिकाला खनिज द्रव्ये पुरवली म्हणजे झाले. नत्र हवेतून मिळतोच. गिल्बर्ट हे लीबिग यांचेच शिष्य. परंतु शेताने गुरूच्या विरुद्ध साक्ष दिली. नत्रयुक्त खताशिवाय गव्हाचे उत्पन्न वाढेना. हा वाद अनेक वर्षे चालला आणि अखेर शेताचीच साक्ष ग्राह्य ठरली.

१८५६ साली लॉज यांनी पार्क ग्रास या सुमारे सात एकरांच्या जुन्या कुरणाचे भाग पाडून त्यांवर खते टाकण्यास प्रारंभ केला. हेतू साधा होता: वाळलेल्या गवताचे उत्पन्न किती वाढते ते पाहावे. उत्पन्न वाढलेही. परंतु दोन-तीन वर्षांतच असे दिसू लागले की, निरनिराळ्या भागांत निरनिराळी गवते माजत आहेत आणि अनेक वनस्पती नाहीशा होत आहेत. ज्या भागांना खत मिळाले नाही, तेथे आजही सुमारे चाळीस जातींच्या वनस्पती नांदतात. अमोनियम सल्फेटमुळे जेथील माती अत्यंत आम्ल झाली, तेथे दोन-तीनच जाती उरल्या. खताच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या माणसाच्या स्वतःच्या कुरणाने खताच्या अतिरेकाविरुद्ध दिलेली ही साक्ष होती. लॉज यांचा मोठेपणा असा की, त्यांनी ती दडपली नाही; गिल्बर्ट यांच्या साहाय्याने नोंदवून प्रसिद्ध केली.

१८८२ साली त्यांनी आणखी एक प्रयोग केला, ज्यात काहीच करावयाचे नव्हते. ब्रॉडबॉकच्या एका टोकाचा उभा गहू न कापता सोडून दिला आणि ती जागा कुंपणाने बंद केली. चार वर्षांत गव्हाची मोजकी खुरटी रोपे उरली. मागाहून तण आले, झुडपे आली, आणि आज तेथे वृक्षांचे रान उभे आहे. माणसाने हात काढून घेतल्यावर जमीन काय करते, याचा एवढा दीर्घ आणि सलग पुरावा जगात थोड्याच ठिकाणी मिळतो.

लॉज यांनी १८७२ साली खताचा धंदा तीन लाख पौंडांना विकला आणि १८८९ साली त्यांतील एक लाख पौंड विश्वस्त निधीत ठेवून प्रयोग कायम चालू राहण्याची तजवीज केली. स्वतःच्या मृत्यूनंतरही पेरणी व्हावी, ही ती व्यवस्था. १९०० साली ते वारले. पेरणी थांबली नाही.

या ठेवीवर मिळालेले व्याज लॉज यांच्या कल्पनेपलीकडचे होते. १९१९ साली रोनाल्ड फिशर तेथे दाखल झाले आणि साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावता लावता त्यांनी आधुनिक संख्याशास्त्रीय प्रयोगपद्धती घडवली. हीच पद्धती पानसे व सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ सालच्या ग्रंथातून आपल्या कृषी महाविद्यालयांत पोचली. दरवर्षी जपून ठेवलेल्या माती, धान्य व पेंढ्याच्या नमुन्यांची संख्या आज तीन लाखांच्या घरात आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जुन्या पेंढ्यातील बुरशीच्या जनुकद्रव्यावरून असे दिसले की, गव्हावरील दोन रोगांचे परस्पर प्रमाण हवेतील गंधकाच्या प्रदूषणाबरोबर बदलत गेले. नमुने भरून ठेवणाऱ्यांना जनुकद्रव्य हा शब्दही ठाऊक नव्हता.

अमेरिकेने १९८० साली अरण्ये, सरोवरे, गवताळ प्रदेश आणि किनारे यांच्या दीर्घकालीन अभ्यासाचे जाळे उभारले, त्यामागचे तत्त्व हेच. निसर्गातील बहुतेक बदल अंदाजपत्रकाच्या वर्षात मावत नाहीत. रस्ता अर्धवट राहिला तर तो पुढे पूर्ण करता येतो. परंतु एका वर्षाची हुकलेली नोंद कोणताही निधी परत आणू शकत नाही. अनुदानाला कात्री लावताना पहिली पाळी अशाच संथ, निरुपयोगी भासणाऱ्या मोजणीवर येते. ती लावणाऱ्यांनी ब्रॉडबॉकच्या त्या खत न घातलेल्या पट्ट्याचे स्मरण ठेवावे. १८४३ पासून त्याने हेक्टरी जेमतेम एक टन गहू दिला आहे. पण शेजारच्या प्रत्येक पट्ट्याचे मोल कळते ते त्याच्यामुळेच.