स्वामी रामानंद तीर्थ : मताच्या हक्कासाठी झटलेला संन्यासी

आमच्या सेनगाव तालुक्यातील जे विद्यार्थी शालेय शिक्षण संपवून जवळपासच्या महाविद्यालयात जातील, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पदवीपत्रावर एका संन्याशाचे नाव छापलेले असेल. नांदेड येथे 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे परभणी, हिंगोली, नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांचे विद्यापीठ होय. पण हे स्वामी कोण, भगवी वस्त्रे परिधान करणाऱ्या पुरुषाचा राज्यकारभाराशी संबंध काय, आणि घरदार सोडलेल्या ह्या मनुष्याने आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात कशासाठी घालविली, हे विचारले असता पुष्कळ विद्यार्थी निरुत्तर होतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा अल्प चरित्रलेख लिहिला आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी ह्या गावी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. सोलापुरास विद्यार्थिदशेत असताना 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. ती वार्ता ऐकून ह्या सोळा वर्षांच्या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवेस वाहून घेण्याचा निश्चय केला. अशा प्रतिज्ञा त्या वयात पुष्कळजण करितात, आणि परीक्षा संपली की विसरतात. व्यंकटेशाने ती पाळिली. असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडिली, अमळनेरच्या व पुण्याच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत अध्ययन केले, आणि पुढे कामगारांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली काही काळ काम केले. त्यानंतर निजामाच्या राज्यात, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक झाले. तेथेच 1932 साली त्यांनी संन्यासदीक्षा घेतली व रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. संन्यास घेऊन ते हिमालयात गेले नाहीत. पुढे अंबेजोगाईस जाऊन त्यांनी पुन्हा मुलेच शिकविली.

आता त्या काळी आपल्या मुलखाची स्थिती काय होती ते पाहू. त्यावाचून स्वामीजींचे कार्य ध्यानात येणार नाही. सेनगाव त्या वेळी परभणी जिल्ह्यात, व परभणी जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. राज्यात तेलुगू, मराठी व कानडी बोलणाऱ्या प्रजेचा भरणा असता कारभार उर्दूतून चाले. सभा भरवावयाची तर पूर्वपरवानगी लागे. त्या हुकुमास लोक गश्ती निशान त्रेपन्न म्हणून ओळखीत. राज्य कोणी व कसे चालवावे ह्याविषयी कुणब्यास, विणकरास, व्यापाऱ्यास कोणी कधी विचारीत नसे. दिवाण निजामाने नेमावा, तालुकदार दिवाणाच्या कारभाराने यावा, आणि गावाने सारा भरावा, अशी ती घडी होती.

येथे आपल्या भूगोलाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सेनगावाहून थोड्याच कोसांवर रिसोड आहे, व त्यापलीकडे वाशीम. हा वऱ्हाडचा मुलूख नावाला निजामाचा, पण कारभार इंग्रजांचा. 1935 च्या कायद्यान्वये 1937 साली तेथे प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. मालमत्ता, कर अथवा शिक्षण ह्यांच्या अटींत बसणारा रिसोडचा शेतकरी त्या वर्षी मत देऊन आला. त्याची बहीण सेनगावच्या बाजूस दिली असेल, तर तिच्या सासरच्या माणसांस मत म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. एकच भाषा, एकच बाजार, एकमेकांत सोयरिकी. परंतु सीमेच्या अलीकडचा मनुष्य केवळ रयत होता, आणि पलीकडचा, अपुऱ्या मापाने का होईना, मतदार झाला होता. वऱ्हाडातही बहुसंख्य गरिबांस मत नव्हते, हे मात्र विसरता कामा नये.

1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि मराठी जिल्ह्यांतील जाणत्या लोकांनी आपली गाऱ्हाणी एकत्र मांडण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरले. तिची मागणी एकच होती : निजामाच्या छत्राखाली का असेना, पण लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींस जबाबदार असे मंत्रिमंडळ असावे. जबाबदार राज्यपद्धती हा शब्द तेव्हापासून मराठवाड्यात घरोघरी झाला. सरकारने ती संस्था जन्मण्यापूर्वीच, सप्टेंबर 1938 मध्ये, बेकायदा ठरविली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, आणि स्वामीजी तुरुंगात गेले. डिसेंबरात महात्मा गांधींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित झाला. तथापि पुढे 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात व 1942 च्या आंदोलनात स्वामीजींस तुरुंगाची वाट पुन्हा पुन्हा चालावी लागली.

त्याच 1938 सालच्या हिवाळ्यात औरंगाबाद व हैदराबाद येथील महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून मुलांनी वंदे मातरम् गाण्याचा आग्रह धरिला. अधिकाऱ्यांनी मुलांस काढून टाकिले. त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, म्हणून त्यांचे शिक्षण बुडाले नाही. ही मुले अठरा-वीस वर्षांची होती. मत देण्याचा हक्क त्यांच्यापैकी एकासही नव्हता, आणि तो मिळावा म्हणून शिक्षण पणास लावण्याची त्यांची तयारी होती.

आता स्वामीजींच्या चरित्रातील अशा प्रसंगाकडे वळू, की ज्याचा पुष्कळदा विपरीत अर्थ केला जातो. चळवळीचा जोर पाहून निजाम सरकारने अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून जुलै 1939 मध्ये राजकीय सुधारणा जाहीर केल्या. कायदेमंडळात काही सभासद निवडून यावयाचे होते. पण लोकांनी गाव व तालुका ह्यांप्रमाणे मत द्यावयाचे नव्हते. जहागीरदारांचा एक गट, वकिलांचा एक, सावकारांचा एक, शेतकऱ्यांचा एक, अशी धंद्यावार वाटणी होती. उरलेले सभासद नेमलेले, आणि मंत्री निजामाचे. कायदेमंडळाने नापसंती दर्शविली तरी मंत्र्याचे आसन हालणार नव्हते. युद्धामुळे ही योजना लांबली. जुलै 1946 मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली, आणि ह्या सुधारणांप्रमाणे निवडणुका करण्याचे घाटत असता स्वामीजींच्या नेतृत्वाखाली संस्थेने तीवर बहिष्कार घातला.

हल्ली कित्येक तरुण, नाव नोंदविण्याचा प्रश्न निघाला की, मत देऊन काय होणार असे म्हणून मोकळे होतात. त्यांतील एखादा बहुश्रुत असल्यास स्वामीजींच्या ह्या बहिष्काराचा दाखलाही देतो. हा दाखला लागू पडत नाही. स्वामीजींनी नाकारिले ते मत नव्हते, मताचे सोंग होते. ज्या मताने राज्यकर्ता बदलत नाही, जे मत जहागीरदाराचे भारी व मजुराचे हलके मानिते, ते घेतल्यास खऱ्या मताची मागणीच मागे पडली असती. नकार देऊन ते घरी स्वस्थ बसले असते तर गोष्ट निराळी. परंतु त्यांचा प्रत्येक नकार त्यांस तुरुंगाच्या दाराशी घेऊन गेला. जेव्हा खरे मत मिळाले, तेव्हा तेच स्वामीजी उमेदवार म्हणून लोकांसमोर उभे राहिले. आळसास बहिष्काराचे नाव देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे आम्हांस वाटते.

पुढील हकिगत इतिहासाच्या पुस्तकांत आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. 7 ऑगस्ट 1947 रोजी भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीचा दिवस राज्यभर पाळला गेला. 15 ऑगस्टला स्वामीजींस अटक झाली. नोव्हेंबरातील जैसे थे करारानंतर त्यांची काही काळ सुटका झाली, पण जानेवारी 1948 मध्ये ते पुन्हा बंदिवान झाले. रझाकारांच्या जुलमामुळे सहस्रावधी लोकांनी सीमा ओलांडून वऱ्हाडात व इतरत्र आश्रय घेतला; उमरखेडसारख्या सीमेवरील गावी चळवळीची केंद्रे चालत. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य राज्यात शिरले, 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करिली, आणि स्वामीजी कारागृहाबाहेर आले.

येथे चरित्रकार बहुधा थांबतात. जणू निजाम गेला आणि लोकांचे राज्य आले. वस्तुस्थिती अशी नव्हती. प्रथम लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी ह्यांचा अंमल सुमारे सव्वा वर्ष चालला. 26 जानेवारी 1950 पासून वेल्लोडी नामक सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून नेमले गेले. दोघेही कर्तबगार असतील, पण त्यांस लोकांनी निवडिले नव्हते. मुक्तीनंतरही साडेतीन वर्षे सेनगावच्या माणसाचे मत कोणी घेतले नाही, कारण मत घेण्यास मतदारांची यादी लागते, आणि अशी यादी ह्या मुलखात कधी झालीच नव्हती.

ती यादी होणे हेच मोठे कार्य होते. सुकुमार सेन हे देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्या देखरेखीखाली घरोघर फिरून एकवीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची नावे लिहिली गेली. देशभरात ती संख्या सुमारे 17 कोटी 32 लाख झाली. शिक्षण, सारा, जात, धर्म ह्यांपैकी कशाचीही अट नव्हती. बहुसंख्य लोक निरक्षर असल्याने प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविले होते. ज्यास पसंती त्याच्या पेटीत कागद टाकावयाचा. तथापि सुमारे 28 लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको किंवा तमक्याची आई, एवढेच सांगितले. ह्यांतील बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. राज्यघटनेने दिलेले मत त्यांच्या दारापर्यंत येऊन केवळ नावावाचून परत गेले.

1952 च्या आरंभी हैदराबाद राज्याच्या 175 जागांच्या विधानसभेची निवडणूक पुरी झाली, आणि मार्चात बुर्गुल रामकृष्णराव ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. 1938 साली मागितलेली जबाबदार राज्यपद्धती चौदा वर्षांनी प्रत्यक्षात उतरली. स्वामीजी मुख्यमंत्री झाले नाहीत. काँग्रेसमध्ये त्यांचा व रामकृष्णरावांचा असे दोन पक्ष पडले होते, हे खरे. आणि त्यांची बाजू मागे पडली, हेही खरे. त्यांनी मंत्रिपद कधी घेतले नाही. गुलबर्ग्याहून ते लोकसभेवर निवडून गेले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्य विभागले गेले. ह्या विभागणीचा पुरस्कार स्वामीजींनी स्वतः केला होता. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1957 साली स्वामीजी औरंगाबादहून निवडून आले. पहिल्या खेपेस कानडी मतदारांनी व दुसऱ्या खेपेस मराठी मतदारांनी विश्वास टाकावा, असा योग फार थोड्यांच्या वाट्यास येतो. पुढे निवडणुकीच्या राजकारणातून ते निवृत्त झाले, आणि 22 जानेवारी 1972 रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मृत्युसमयी मतदाराचे वय एकवीसच होते. 1988 सालच्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते अठरा झाले, व 28 मार्च 1989 पासून ती अमलात आली. म्हणजे वंदे मातरम् म्हणून वसतिगृहाबाहेर काढलेल्या मुलांच्या वयास जे नव्हते, ते आज आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींस एक-दोन वर्षांतच लाभते. मात्र ते आपोआप लाभत नाही. रेशनपत्रिकेवर वा आधारपत्रावर नाव असले म्हणजे मतदारयादीत असतेच असे नाही. आणि ज्याचे नाव यादीत नाही, त्याचे वय कितीही असो, मतदानाच्या दिवशी त्यास केंद्रावरून परत यावे लागते.

नोंदणीचा मार्ग कठीण नाही. नमुना क्रमांक 6 चा अर्ज, वयाचा व राहत्या ठिकाणाचा पुरावा आणि एक छायाचित्र एवढे लागते. गावातील मतदान केंद्राचा नेमलेला अधिकारी, जो बहुधा शिक्षक अथवा अंगणवाडीसेविका असतो, तो अर्ज घेतो. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरीत. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यासही आगाऊ अर्ज करिता येतो. पालकांनी विशेषतः मुलींकडे लक्ष द्यावे. विवाह होऊन मुलगी परगावी गेली की माहेरच्या यादीतील तिचे नाव निरुपयोगी होते आणि सासरच्या यादीत ते चढविण्याचे कोणास सुचत नाही. त्यासाठी नमुना क्रमांक 8 आहे. ऊसतोडीस अथवा शहरात मजुरीस जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वीच हे काम उरकावे. यादीचा कच्चा मसुदा मतदान केंद्रावर वाचावयास ठेवितात. त्यात घरातील प्रत्येकाचे नाव आहे की नाही, व ते शुद्ध लिहिले आहे की नाही, हे वाचता येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने स्वतः जाऊन पाहावे.