पेशींची वाढ मोजणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग हा शब्द कोणाला नवा नाही. वरोऱ्याजवळचे आनंदवन आपल्या अंगणातले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याच वर्षी मुंबईत एका मराठी महिलेने कर्करोग संशोधनात पीएच.डी. मिळवली. पुढे कुष्ठरोगाच्या जंतूंनीही त्यांना वेड लावले. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात कमलताईंचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शाळा झाली. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. पण कमलताईंनी वनस्पतिशास्त्राची वाट धरली. एम.एस्सी.साठी त्यांनी अभ्यासले सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करता करताच त्यांनी डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पूर्ण केली.

खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत डॉ. जॉर्ज गाय शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र घडवत होते. हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतून १९५१ मध्ये मिळालेल्या, आजही जगभर वाढत असलेल्या ‘हेला’ पेशी याच प्रयोगशाळेतल्या. हे तंत्र शिकून कमलताई परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली.

टिश्यू कल्चर म्हणजे शरीरातील पेशी काढून काचेच्या भांड्यात, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअस उबेत वाढवणे. पण पेशी खरेच वाढल्या की नाही, हे कळणार कसे? त्यासाठी रक्तपेशी मोजण्याची रेघा आखलेली काचपट्टी वापरतात. तिच्यावरील मोठा चौकोन एक मिलिमीटर लांब-रुंद आणि त्यावरचा द्रव मिलिमीटरचा दहावा भाग खोल असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात ४० पेशी दिसल्या, तर दहा हजाराने गुणायचे. एका मिलिलिटरमध्ये चार लाख पेशी झाल्या. द्रवात निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत तशाच राहतात. मोजायच्या त्या जिवंत. दुसऱ्या दिवशी ४० च्या ८० झाल्या, तर पेशी एका दिवसात दुप्पट झाल्या. ‘हेला’ पेशींना दुप्पट व्हायला साधारण एवढाच वेळ लागतो. एखादे औषध घातल्यावर हा वेग मंदावला, तर ते औषध पुढे तपासण्याजोगे ठरते. दररोज ठरल्या वेळी, न कंटाळता मोजणे, हे या कामाचे मर्म.

अशा चिकाटीतून कमलताईंनी उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला. कर्करोगाचा संबंध आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी कसा असतो, हे शोधणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

कुष्ठरोगाचा प्रश्न याहून चिवट होता. त्याचा जंतू प्रयोगशाळेतील साध्या भांड्यात वाढतच नाही. काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून तर संसर्गानंतर लक्षणे दिसायला अनेक वर्षे जातात. कमलताई आणि सहकाऱ्यांनी टिश्यू कल्चरचा आधार घेऊन कुष्ठरुग्णांच्या शरीरातून एक जंतू वेगळा केला व वाढवला. हा नेमका कुष्ठाचाच जंतू नव्हे, त्याचा नातेवाईक, असे पुढे दिसून आले. तरीही त्यापासून लस तयार झाली आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. कुष्ठरोगावरील संशोधनासाठी कमलताईंना १९६४ मध्ये वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७० या काळात त्या कॅन्सर रिसर्च सेंटरच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये, म्हणजे गडचिरोली जिल्हा झाला त्याच वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

घर सांभाळून प्रयोगशाळेत टिकणे बाईसाठी किती कठीण, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून १९७३ मध्ये सहकारी महिलांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, ग्रामीण महिलांना आरोग्याचे शिक्षण दिले. आधी पेशींची वाढ मोजली, मग लेकरांची. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या जिल्ह्यांसाठी यातून घेण्यासारखे ते हे. कुष्ठाचा जंतू हळू वाढतो, म्हणजे आपल्या हाती वेळ असतो. तो वाया घालवू नये. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका, लपवू नका. आशाताईला सांगा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बहुविध औषधोपचार तिथे मोफत मिळतो. सहा महिने ते वर्षभर नेमाने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि लवकर सुरू केल्या तर हातापायांची विकृतीही टळते.