डॉ. द्वारकानाथ कोटणीस : रुग्णाच्या दारी जाणारा डॉक्टर

मोठेपणी कोण होणार, असे वर्गात विचारले की डॉक्टरकीसाठी बरेच हात वर होतात. दवाखाना कोठे काढणार, असे विचारले तर भिवंडी, ठाणे, मुंबई ही नावे येतात. शहापूर किंवा मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्याचे नाव अद्याप कोणी घेतलेले नाही. म्हणून, रस्ता संपतो तेथून पुढे गेलेल्या एका डॉक्टरांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर हेही आपल्या भिवंडीसारखेच मागांचे गाव. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. पुढे चांगली प्रॅक्टिस आणि सुखाचा संसार हा सरळ मार्ग होता.

परंतु १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला हाक दिली आणि अटल, चोळकर, बसू, मुखर्जी व कोटणीस अशा पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. परदेशी असतानाच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता समजली. घरी परतण्यास ते सबळ कारण होते. मन घट्ट करून ते कामावर राहिले.

पुढे ते उत्तर चीनच्या डोंगराळ भागात गेले. तेथे सुसज्ज इस्पितळ नव्हते. जपानी वेढ्यामुळे औषधांची चणचण होती. जखमीला दूरच्या इस्पितळात नेईपर्यंत रक्तस्राव होई, जखम चिघळे आणि वाटेतच प्राण जाई. म्हणून डॉक्टरांनीच रणभूमीजवळ जायचे, ही पद्धत कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तेथे रुजविली होती. शस्त्रक्रियेची बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. तेच काम कोटणीसांनी पुढे चालविले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते.

१९४१ साली बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत तरुणांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहू लागले. एक डॉक्टर किती गावांना पुरणार? त्याने शिकविलेले दहा हात मात्र दहा ठिकाणी पोहोचतात. त्यांच्या कार्याचा हा भाग मला शिक्षक म्हणून विशेष मोलाचा वाटतो.

तेथेच परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याच्या इनहुआ या नावात भारत आणि चीन दोन्ही होते. परंतु अतिश्रमाने शरीर खचले होते, अपस्माराचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पथकातील बाकीचे चौघे मायदेशी परतले, हे एक मात्र परतले नाहीत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे.

आज महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ही सेवा २०१४ साली सुरू झाली. तरीही पावसाळ्यात काही पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्याला झोळीत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. गाडी रस्त्यावर उभी असते आणि रुग्ण डोंगरावर असतो. मधले ते अंतर कोणी तरी चालून गेल्यावाचून कापले जात नाही.

विद्यार्थी मित्रहो, डॉक्टर अवश्य व्हा. परंतु पुढच्या वर्षी हाच प्रश्न विचारीन, तेव्हा निदान एकाने तरी एखाद्या पाड्याचे नाव घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.