एका पंक्तीचे वसतिगृह : कर्मवीर भाऊराव पाटील

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत बहुधा स्वज्ञातीतील थोरांची चरित्रे येतात. यंदा आम्ही ज्ञातीबाहेरील एका महापुरुषाचे पुण्यस्मरण करीत आहोत. 1959 च्या मार्चमध्ये आपल्या पवईस आयआयटीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि त्याच वर्षी 9 मे रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी देह ठेवला. उच्च विद्येचे मंदिर उभे राहत असता, गरिबाच्या मुलास त्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आणणारा हा पुरुष गेला.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. खेड्यातील मुलगा बुद्धीवाचून नव्हे, तर शहरात राहण्याजेवण्याची सोय नाही म्हणून मागे पडतो, हे राजर्षी शाहू छत्रपतींनी ओळखले होते. म्हणून 1901 पासून कोल्हापुरात त्यांच्या आश्रयाने निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली. भाऊराव जैन वसतिगृहात राहून शिकले. पुढे 1908 च्या सुमारास अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले, त्या समारंभास ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात.

ज्या ज्ञातीने आसरा दिला, तिनेच दार लावले! भाऊरावांनी त्यातून कडवटपणा घेतला नाही. दार न लावणारे घर बांधण्याचा निश्चय केला. 1910 साली दुधगावास त्यांनी मित्रांच्या साह्याने सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. पुढे कारखान्यांचे विक्रेते म्हणून हिंडताना खेड्यांचे दैन्य त्यांनी जवळून पाहिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव दिले.

मुलांनी भिक्षेवर नव्हे, स्वकष्टावर शिकावे, असा भाऊरावांचा आग्रह असे. परंतु कष्टाची मिळकत हाती येईपर्यंत भूक थांबत नाही. कोठीतील धान्य संपले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रही राखले नाही. 1930 साली त्या माउलीने जग सोडले. संस्थेचा इतिहास लिहिताना हे ऋण प्रथम नोंदविले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

1935 साली अध्यापक विद्यालय, 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज, असा हा वृक्ष वाढत गेला. 1959 साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. आज संस्थेच्या शेकडो शाखा आहेत.

सभासद बंधुभगिनींनो, ज्ञातीच्या वसतिगृहांनी पुष्कळांना शाळेचा उंबरठा दाखविला, हे उपकार आम्ही विसरत नाही. पण तो उंबरठा कुंपण होऊ नये. पवईच्या उंच इमारतींच्या सावलीत दाटीच्या वस्त्याही आहेत. तेथील मुलास अभ्यासास शांत कोपरा मिळणे कठीण. आपल्या मंडळाच्या पुस्तकसाह्यात व अभ्यासवर्गात ज्ञातीबाहेरील अशा मुलांसाठी काही जागा राखाव्यात, अशी आमची विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत याचा विचार व्हावा.